एम-८६ गॅलक्सी (दीर्घिका) इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल, की लेंटिक्युलर? आणि लेंटिक्युलर म्हणजे नक्की काय हो?

डॉब्सनवाला_सातारा

नमस्कार मंडळी, एप्रिलच्या अमावास्येला आमचा ग्रुप भंडारदऱ्याला गेला होता, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण सोबत. मध्यरात्रीच्या आसपास कन्या रास जवळजवळ डोक्यावर येते त्यामुळे डॉब वळवताना जाम कसरत झाली पण मार्कारियनची साखळी, म्हणजे कन्येतली गॅलक्सींची ओळ, दिसली एकदाची! एम-८४ आणि एम-८६ एकाच फील्डमध्ये, दोन्ही गोलसर धुरकट, मधे उजळ, बाजूला विरत गेलेल्या. थोडं पुढं त्या दोन डोळ्यांसारख्या एनजीसी ४४३५ आणि ४४३८ पण मिळाल्या.

आता मुद्दा असा की मी गावातल्या शाळेच्या विज्ञान मंडळासाठी दीर्घिकांच्या प्रकारांचा एक मोठा तक्ता करतोय, ट्यूनिंग फोर्कवाला (एक दांडा आणि त्याला फुटलेले दोन फाटे अशी मांडणी), आणि म्हटलं फोटो शक्यतो आपण स्वतः बघितलेल्या गॅलक्सींचे लावू. तर एम-८६ शोधली, एका कॅटलॉगमध्ये ई-३ म्हणजे इलिप्टिकल, दुसरीकडे एस-झिरो म्हणजे लेंटिक्युलर, आणि एके ठिकाणी तर मधे तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिलंय. एम-८४ चं पण तेच. एवढ्या प्रसिद्ध गॅलक्सी, १७८१ पासून माहीत असलेल्या, आणि अजून प्रकार ठरत नाही असं कसं काय?

दुसरं म्हणजे आठवीतल्या एका मुलीनं कच्चा तक्ता बघून विचारलं, सर हे डावीकडं गोल आहेत, मधे हे लेंटिक्युलर आणि उजवीकडं हातवाले, म्हणजे गोलाची आधी लेंटिक्युलर होते आणि मग तिला हात फुटतात का? मी नाही म्हणालो पण मग मधे का काढलंय याचं नीट उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिला उडवून लावायचं नाहीये, म्हणून इथं विचारतोय.

ध्रुवमत्स्य

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, तिला जे वाटलं तेच कित्येक वर्षं मोठमोठ्यांना वाटत होतं.

आधी हे एस-झिरो आलं कुठून ते सांगतो. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं १९२६ ला वर्गीकरण मांडलं तेव्हा त्यात लेंटिक्युलर नव्हत्याच, इलिप्टिकल ई-० ते ई-७ आणि मग स्पायरल, म्हणजे भुजावाल्या, साध्या आणि बारवाल्या (मधे ताऱ्यांची सरळ पट्टी असलेल्या). ई च्या पुढचा आकडा म्हणजे दिसायला किती चपटी ते. लांबी-रुंदी मोजायची, रुंदीला लांबीनं भागायचं, ते एकातून वजा करायचं आणि दहानं गुणायचं. म्हणजे एम-८६ ची रुंदी लांबीच्या साधारण ०.७ पट, म्हणून ई-३. पूर्ण गोल दिसली की ई-०. आता अडचण अशी होती की ई-७ पेक्षा चपटं जे काही होतं त्याला तबकडी होती, आणि स्पायरलच्या ओळीतल्या पहिल्याच वर्गाला, एस-ए ला, तर व्यवस्थित भुजा होत्या, म्हणजे या दोघांत मोठी उडी होती. म्हणून १९३६ च्या पुस्तकात त्यानं फोर्कच्या बरोबर सांध्यावर एस-झिरो हा एक वर्ग घातला, आणि तो त्यावेळी तसा कल्पनेतलाच होता, असं काहीतरी मधलं असायला पाहिजे या हिशेबानं! नंतर खरंच सापडल्या, ढिगानं सापडल्या. तबकडी आहे, मधे फुगवटा आहे, पण भुजा नाहीत, नवे तारे जवळजवळ नाहीत, गॅस अगदी थोडा. गंमत बघा, हबलच्या यादीत ई-७ म्हणून असलेली एनजीसी ३११५, स्पिंडल म्हणतात ती, तीच पुढं एस-झिरोचं ठळक उदाहरण झाली.

आणि डावीकडच्यांना अर्ली टाइप, उजवीकडच्यांना लेट टाइप म्हणायची पद्धत पडली, हबलनं स्पष्ट केलं होतं की यात काळाचा संबंध नाही, पण शब्दच असे आहेत की वाचणाऱ्याला आधी-नंतर असंच वाटणार. तक्त्यावर शक्यतो हे शब्द टाळा.

पुढं सँडेजनं १९६१ च्या ॲटलासमध्ये एस-झिरोचे तीन पोटप्रकार केले, धुळीवरून. पहिल्यात धूळ नाही, सगळं गुळगुळीत, दुसऱ्यात थोडी चाहूल, तिसऱ्यात स्पष्ट काळा पट्टा. बारवाल्यांचे पण तीन, पण ते बार किती ठळक आहे त्यावरून. द व्होकूलरनं त्याआधीच १९५९ मध्ये वेगळी पद्धत काढली होती, एस-झिरो वजा, एस-झिरो नुसती आणि एस-झिरो अधिक, वजा म्हणजे इलिप्टिकलच्या जवळची आणि अधिक म्हणजे जिच्यात तबकडीवर थोडी रचना दिसायला लागलीय अशी. त्याच्या आकड्यांच्या पट्टीवर इलिप्टिकल वजा ५, या तिघी वजा ३, वजा २, वजा १ आणि एस-ए अधिक १. तुम्हाला कॅटलॉगमध्ये जो वेगवेगळा मजकूर दिसतो त्याचं अर्धं कारण हेच, कुणी सँडेजची भाषा वापरलीय कुणी द व्होकूलरची.

कृत्तिका_पुणे

उरलेलं अर्धं कारण मी सांगते, बघण्याचा कोन!

स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट घ्या आणि एक चेंडू घ्या. ताट समोरून धरलं तर गोल, चेंडू कुठूनही धरा गोलच. लांबून, थोडं धूसर बघितलं तर दोघांत फरक करणार कसा? लेंटिक्युलरचं हेच होतं. भुजा असत्या तर समोरून लगेच कळलं असतं की ही तबकडी आहे, पण भुजाच नाहीत, त्यामुळे समोरून बघितलेली एस-झिरो आणि खरी गोल ई-० फोटोत जवळजवळ सारख्या. फरक असतो तो उजेड बाहेरच्या बाजूला कसा कमी होत जातो त्यात, लेंटिक्युलरमध्ये फुगवट्याचा उजेड पटकन उतरतो आणि मग तबकडीचा सावकाश उतरत जातो, मधे एक मोड येतो, पण तो डोळ्यानं नाही दिसत, मोजावा लागतो.

म्हणून खात्रीच्या लेंटिक्युलर बघायच्या तर कडेनं दिसणाऱ्या शोधा. तुमचा आठ इंची भरपूर आहे.

एनजीसी ३११५ वर आलीच आहे, सेक्सटन्समध्ये, मार्च-एप्रिलला मस्त, नववी-दहावी प्रत (तेजस्विता) आहे त्यामुळे शहराबाहेर थोडं गेलं तरी मिळते. अंतर साधारण ३.२ कोटी प्रकाशवर्षं, विल्यम हर्शलनं १७८७ ला शोधली. आयपीसमध्ये खरंच चरख्याच्या चातीसारखी दिसते, दोन्ही टोकांना निमुळती मधे फुगीर. कालेय मध्ये एनजीसी ५८६६ आहे, हीच एम-१०२ असं बरेच जण मानतात, ही पूर्ण कडेनं दिसते आणि मधोमध केसासारखा धुळीचा पट्टा आहे, हबल दुर्बिणीचा २००६ चा फोटो तक्त्यावर लावाच लावा, ध्रुवमत्स्यनी सांगितलेला तिसरा पोटप्रकार तो हाच. आठ इंचीत तो पट्टा काही दिसणार नाही, आकार दिसेल. आणि माझी सगळ्यात लाडकी एनजीसी ४७६२, कन्येतल्या विंडेमिॲट्रिक्सच्या पश्चिमेला दोन-एक अंशांवर, इतकी बारीक रेघ आहे ना की पहिल्यांदा बघितली तेव्हा मी आयपीसवर केस अडकलाय की काय म्हणून पुसलं होतं, आणि तिच्या शेजारी त्याच फील्डमध्ये एनजीसी ४७५४, ती पण लेंटिक्युलरच पण आपल्याकडं बरीच तोंड करून, म्हणून गोलसर. एकाच प्रकारच्या दोन, एक कडेनं एक समोरून, शेजारी शेजारी. मुलांना समजवायला याच्यापेक्षा चांगली जोडी नाही.

नावाबद्दल पण सांगा मुलांना, लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर! काचेच्या भिंगाला ते नाव मसुरासारखं दिसतं म्हणून पडलं आणि मग गॅलक्सीला भिंगासारखी म्हणून. वर्गात मूठभर अख्खा मसूर न्या, एक दाणा समोरून दाखवा एक कडेनं.

डॉब्सनवाला_सातारा

मसुराची आयडिया जबरदस्त कृत्तिकाताई, नक्की करतो. पण मग माझा मूळ प्रश्न तसाच राहिला ना, एम-८६ ला आपण दुसऱ्या बाजूनं जाऊन तर बघू शकत नाही, म्हणजे ती ताट की चेंडू हे कधीच कळणार नाही का?

वर्णपट

कळतं, आणि कसं कळलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं म्हणून जरा लांब लिहितो.

आकार बघून भागत नाही तर तारे फिरतात कसे ते बघायचं. तबकडीतले तारे बहुतेक सगळे एकाच दिशेनं केंद्राभोवती फिरतात, म्हणजे गॅलक्सीची एक बाजू आपल्याकडं येते आणि दुसरी लांब जाते, एका बाजूचा स्पेक्ट्रम (प्रकाशाचे सुटे केलेले रंग) निळ्याकडं सरकतो दुसऱ्या बाजूचा तांबड्याकडं. चेंडूसारख्या खऱ्या इलिप्टिकलमध्ये तारे वाटेल त्या दिशेनं जात असतात, जत्रेतल्या गर्दीसारखे, त्यामुळे सगळ्या गर्दीचं मिळून असं फिरणं फारसं उरत नाही. पूर्वी एका रेघेवरचा स्पेक्ट्रम घ्यायचे, नंतर सॉरॉन नावाचं उपकरण आलं, ला पाल्मा बेटावरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शल दुर्बिणीवर, त्यानं गॅलक्सीच्या प्रत्येक ठिपक्याचा स्पेक्ट्रम एकदम मिळायला लागला, म्हणजे वेगाचा अख्खा नकाशाच. ॲटलास-थ्रीडी प्रकल्पात आपल्या जवळपासच्या २६० इलिप्टिकल आणि लेंटिक्युलर अशा तपासल्या. २०११ ला निकाल आला, त्यातल्या ८६ टक्के जोरात फिरणाऱ्या निघाल्या, फास्ट रोटेटर, आणि फोटोवरून ज्यांना इलिप्टिकल म्हटलं होतं त्यातल्यासुद्धा दोन-तृतीयांश फास्ट रोटेटर! म्हणजे इलिप्टिकल म्हणून नोंदलेल्या बऱ्याच जणी आतून लेंटिक्युलरसारख्याच, आपल्याला फक्त समोरून दिसत होत्या किंवा तबकडी फिकी होती.

आता तुमच्या दोघी. एम-८४ आणि एम-८६ दोन्ही स्लो रोटेटर आहेत. म्हणजे चेंडूच्या गटातल्या. तक्त्यावर मी दोघींना इलिप्टिकलखाली टाकेन आणि लेंटिक्युलरसाठी त्याच साखळीतली तुमची एनजीसी ४४३५ घ्या, ती बारवाली लेंटिक्युलर आहे, तुम्ही स्वतः बघितलेली पण आहे, काम झालं.

पण नुसतं फास्ट आणि स्लो म्हणून पण संपत नाही हां. एनजीसी ४५५० बघा, कन्या क्लस्टरमधलीच (क्लस्टर म्हणजे गॅलक्सींचा समूह, आपली साखळी त्यातलीच), कडेनं दिसणारी साधी लेंटिक्युलर, फोटोत काही विशेष नाही. १९९२ ला व्हेरा रूबिन आणि सहकाऱ्यांनी तिचा स्पेक्ट्रम नीट बघितला तर तिच्यात दोन तबकड्या, एकाच जागी, एकीतले तारे उजवीकडून डावीकडं आणि दुसरीतले बरोबर उलटे! साधारण निम्मे निम्मे. बेरीज वजाबाकी होऊन आकड्यात ती स्लो दिसते पण ती चेंडू नाहीये. असं व्हायला बाहेरून उलट्या दिशेनं फिरणारा गॅस आलेला असणार आणि त्याचे तारे झाले असणार. मी हे पहिल्यांदा एमएस्सीला असताना वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नव्हती.

मृगशीर्ष

मग मला सांगा हे ट्यूनिंग फोर्क मुलांना शिकवायचंच कशाला? फोटोवरून चुकीचं ठरतं, मधला वर्ग मधला नाही, अर्ली लेट शब्द फसवे. मला तर वाटतं तक्ताच बदलून टाका, नवीन जे आहे ते शिकवा.

ध्रुवमत्स्य

पूर्ण टाकून द्यायच्या मताचा मी नाही. फोटो बघून नाव देता येणं ही पहिली पायरी आहे, आकाशात लाखो गॅलक्सी आहेत आणि वेगाचे नकाशे त्यातल्या फार थोड्यांचे. पण मांडणी बदलावी हे मान्य, आणि ते काम १९७६ लाच सिडनी व्हॅन डेन बर्गनं सुचवलं होतं. त्याचं म्हणणं, एस-झिरोना सांध्यावर एका ठिपक्यात कोंबू नका, स्पायरलच्या ओळीला समांतर अशी त्यांची वेगळी ओळ करा. मोठा फुगवटा छोटी तबकडी असलेली एस-झिरो-ए, मग बी, आणि लहान फुगवट्याची एस-झिरो-सी, जशा स्पायरल एस-ए, एस-बी, एस-सी असतात तशाच. आणि दोन्ही ओळींच्या मधे अशक्त स्पायरल, ज्यांच्या भुजा आहेत पण फिक्या, गॅस संपत आलेल्या. ॲटलास-थ्रीडीवाल्यांनी २०११ ला हेच पुन्हा काढलं कंगव्याच्या आकारात, कॉर्मेंडी आणि बेंडरनी २०१२ ला समांतर ओळ आणखी पुढं नेली. आणखी एक गोष्ट व्हॅन डेन बर्गनं दाखवली, एस-झिरो सरासरीनं इलिप्टिकल आणि एस-ए दोघींपेक्षा कमी तेजस्वी असतात. खऱ्या मधल्या असत्या तर तेजही मधलं असायला हवं होतं ना!

एक गोंधळ आधीच टाळा, लेंटिक्युलरमध्ये लेन्स नावाचा एक भाग पण असतो, म्हणजे फुगवट्याच्या बाहेर एक पट्टा जिथं उजेड जवळजवळ सारखा राहतो आणि मग एकदम पडतो. बार असेल तर बहुतेक वेळा तो या लेन्सच्या कडेपर्यंत पोचतो. गॅलक्सीचं नाव त्यावरून नाही पडलं, कडेनं दिसणाऱ्या आकारावरून पडलं. आणि ग्रॅव्हिटेशनल लेन्सचा (गुरुत्वानं प्रकाश वाकतो ते) तर काहीच संबंध नाही, तो प्रश्न मुलं हमखास विचारतात.

डॉब्सनवाला_सातारा

हे समांतर ओळींचं चित्र डोक्यात बसलं. पण म्हणजे त्या मुलीचं उत्तर उलटं आहे का? हातवाल्यांचे हात जाऊन लेंटिक्युलर होतात?

वर्णपट

बऱ्याचशा बाबतीत हो! पण सगळ्या तशाच झाल्या नाहीत.

मोठा पुरावा कुठं राहतात यावरून आला. ॲलन ड्रेसलरनं १९८० ला ५५ क्लस्टरमधल्या गॅलक्सी मोजल्या. मोकळ्या जागेत साधारण ८० टक्के स्पायरल, लेंटिक्युलर आणि इलिप्टिकल दहा-दहा टक्के. जसजशी गर्दी वाढत जाते तसतशा स्पायरल घटतात आणि लेंटिक्युलर वाढत जातात, अगदी दाटीच्या मध्यात सगळ्यात जास्त त्याच. मग १९९७ ला त्याच्याच टीमनं हबल दुर्बिणीनं लांबचे क्लस्टर बघितले, म्हणजे सुमारे चार-पाच अब्ज वर्षांपूर्वीचे, तर तिथं लेंटिक्युलर दोन-तीन पटींनी कमी आणि स्पायरल त्या प्रमाणात जास्त. तेव्हाच्या स्पायरलच आजच्या लेंटिक्युलर झाल्या असणार हा सरळ अर्थ.

कसं होतं म्हणाल तर क्लस्टरमध्ये गॅलक्सींच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला विरळ गॅस भरलेला असतो. स्पायरल त्यातून हजारभर किलोमीटर सेकंदाला अशा वेगानं जाते तेव्हा समोरून दाब येतो, मोटरसायकलवर मान खाली न घालता गेलं की ओढणी उडते तसा तिचा गॅस मागं उडून जातो. गन आणि गॉट यांनी १९७२ ला हे मांडलं. तारे जड, ते जागेवर राहतात, गॅस जातो. गॅस नाही म्हणजे नवे तारे नाहीत, आणि भुजा ठळक दिसतात त्या नव्या निळ्या ताऱ्यांमुळे, ते फार जगत नाहीत, मग भुजा विझत जातात आणि तबकडी उरते. नॉर्मा क्लस्टरमधल्या ईएसओ १३७-००१ चा फोटो बघा, हे घडताना दिसतं, शेपूट निघालंय अक्षरशः. तुमच्या एम-८६ चा पण गॅस असाच ओरबाडला जातोय, एक्स-रे मध्ये तिचा माग दिसतो, कारण ती क्लस्टरमधून उलटी आपल्या दिशेनं येतेय, सेकंदाला सुमारे २४० किमी.

दुसरा मार्ग सावकाश आहे, बाहेरून येणारा ताजा गॅसच बंद होतो, लार्सन, टिन्सली आणि कॉल्डवेल यांनी १९८० ला मांडला तो. आणि तिसरा, दोन गॅलक्सी मिळून एक होणं.

इथं आपल्या पुण्याचं एक काम आठवलं. सुधांशु बारवे, अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ ला लेंटिक्युलरच्या फुगवट्याचा आकार आणि तबकडीचा पसारा यांची तुलना केली, इन्फ्रारेडच्या के बँडमध्ये. निरपेक्ष प्रत (खरं तेज, आकडा जितका वजा तितकं तेज जास्त) वजा २४.५ ही रेघ धरली तर तिच्यापेक्षा फिक्या लेंटिक्युलरमध्ये तबकडी मोठी तर फुगवटाही मोठा, आणि तेजस्वी लेंटिक्युलरमध्ये बरोबर उलटं, एक वाढला की दुसरा लहान. म्हणजे फिक्या ज्या आहेत त्या स्पायरलसारख्याच सावकाश आतल्या आत घडलेल्या आणि तेजस्वी वेगळ्याच वाटेनं आलेल्या. एकच नाव, एकच दिसणं, पण वाटा निदान दोन.

तर मुलीला सांगा की तिनं बाण बरोबर ओळखला, फक्त दिशा उलटी होती आणि बाण एकापेक्षा जास्त आहेत.

कृत्तिका_पुणे

एक भर घालते, लेंटिक्युलर म्हणजे कायमची विझलेली असंही सांगू नका. देवयानीतल्या मिराख ताऱ्याच्या अगदी शेजारी एनजीसी ४०४ आहे, छोटी लेंटिक्युलर, साधारण एक कोटी प्रकाशवर्षांवर. ताऱ्याच्या झगमगाटात लपते म्हणून तिला मिराखचं भूत म्हणतात. तिच्याभोवती हायड्रोजनचं मोठं कडं आहे आणि गॅलेक्स उपग्रहाला त्या कड्यात अल्ट्राव्हायोलेटमध्ये नवे तारे चमकताना दिसले.

डॉब्सनवाला_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल तक्ता पुन्हा काढायला घेतला. वर स्पायरलची ओळ, खाली समांतर लेंटिक्युलरची, डावीकडं इलिप्टिकल. एम-८४, एम-८६ डावीकडं, खालच्या ओळीत एनजीसी ४४३५, ५८६६ आणि ती ४७६२-४७५४ ची जोडी. वरून खाली येणारे बाण पेन्सिलनं काढलेत, किती काढायचे आणि कुठून कुठं ते मुलांशी बोलून ठरवू. त्या मुलीला आज मसूर दाखवला तर तिनं दाणा कडेनं धरून विचारलं की मग आपली आकाशगंगा पण बाहेरून कडेनं बघितली तर अशीच दिसेल ना, भुजा असूनसुद्धा? मी म्हणालो दिसेल, फक्त मधून काळा पट्टा जाईल. बरोबर सांगितलं ना?

वर्णपट

अगदी बरोबर. आणि तो पट्टा तिला फोटोशिवाय दाखवता येईल, मे महिन्यात उशिरा रात्री धनु-वृश्चिकाकडं बघायला सांगा, आपण आतूनच कडेनं बघतोय, मधली काळी चीर डोळ्यांना दिसते.